मुठीवरचं कातडं

टेलरबाईंच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नाही. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून पायमशीन, खुंट्यांवर कागदी मापांचे गठ्ठे, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, आणि मशीनच्या वर भिंतीवर आडवा टांगलेला एक लांबलचक भाला. गल्लीच्या तोंडाशी नव्या गिऱ्हाइकाला कुणीही सांगायचं, "सरळ जा, खिडकीत भाला दिसला की थांबा." आत आलेलं माणूस आधी भाल्याकडे बघायचं, मग बाईंकडे, आणि काम वेळेवर न झाल्याची तक्रार जरा बेतानंच करायचं.

बाईंचं काम मुख्यतः दुरुस्तीचं. सैल झालेलं आत घ्यायचं, घट्ट झालेलं सोडायचं, थोरलीचा कोट धाकटीला बसवायचा. "नवा कपडा काय, कुणीही शिवेल," त्या म्हणायच्या. "दुसऱ्यानं बिघडवलेला सुधारून दाखवा." बिघडवणाऱ्यांची जगात कमतरता नसल्यामुळे त्यांचं मशीन बंद असलेलं कुणी फारसं पाहिलं नाही. आणखी एक खोड म्हणजे त्यांच्या हातून चिंधी टाकवत नसे. बोटभर तुकडा असला तरी "राहू दे, लागेल" म्हणून पेटीत जायचा. पेट्या पलंगाखाली गेल्या, माळ्यावर गेल्या, शेवटी स्वयंपाकघरात शिरल्या, तेव्हा नवऱ्यानं हात टेकले.

नवऱ्याला सगळे कप्तान म्हणत. आता कप्तान म्हणजे काही खरे कप्तान नव्हेत. जहाजाच्या पोटात, बॉयलरसमोर घाम गाळण्यात त्यांची हयात गेली होती, आणि खरा कप्तान त्यांनी शिडीच्या खालूनच काय तो पाहिलेला. त्या धडधडाटात कानांचं पार भजं झालं होतं. रजेवर घरी आले की लोक काहीबाही विचारायचे आणि कप्तान हसून मान डोलवायचे. ऐकू आलं नाही हे कबूल करायची त्यांना भारी लाज. एकदा शेजाऱ्यानं विचारलं, "तुमची शिडी नेऊ का?" यांनी मान डोलवली, आणि पुढे दोन दिवस शिडी कुणी चोरली म्हणून घर डोक्यावर घेतलं.

भाल्याची गोष्ट मात्र ते स्वतः सांगायचे, त्यात ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. आफ्रिकेतलं बंदर, बंदरामागचं रान, सरदाराचा मुलगा, सिंह, आणि वेळेवर धावून गेलेले कप्तान. खूश होऊन सरदारानं आपला भाला दिला. दर रजेत सिंह वीतभर वाढायचा. कप्तानांच्या धाकट्या बहिणीला तर ही गोष्ट भावापेक्षा जास्त पाठ. या वन्सं टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलं, त्यामुळे स्वतःचं बोलायचं सगळं साचलेलं. सिंहाच्या आयाळीचा रंग त्यांनीच घातला होता.

खरी गोष्ट फक्त टेलरबाईंना माहीत होती.

जहाजावर कप्तानांच्या जोडीला एक आफ्रिकेतला गडी होता. सगळे त्याला लांब्या म्हणत, कारण तो वाकल्याशिवाय कुठल्याच दारातून जात नसे. दोघं एकाच पाळीला. एकमेकांची भाषा येत नव्हती, जहाजावरच्या मोडक्यातोडक्या बोलीवर भागायचं. पाळी संपली की दोघं वर डेकवर वारा खायला यायचे. सूर्य पाण्यात बुडायला लागला की लांब्या तिकडे बोट करायचा, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा आणि हातानं दाराची चौकट काढून दाखवायचा. माझ्या घराच्या दारातून अस्सा दिसतो. हे त्यानं इतक्यांदा केलं की पुढे कप्तानच त्याच्या आधी चौकट काढून दाखवायचे आणि दोघं हसायचे.

मग एका बंदरात लांब्याला ताप भरला. चार जण त्याला झोळीत घालून खाली उतरवत होते. त्याच्या झोपायच्या फळीमागे ठेवलेला भाला घेऊन कप्तान मागोमाग निघाले, तर लांब्यानं तो हातानं मागे सारला. "तू ठेव. घरी पोचव," एवढं म्हणाला. जहाज संध्याकाळी सुटलं. पुढच्या फेरीला त्या बंदरात चौकशी केली तर कुणाला काही ठाऊक नाही. लांब्या बरा झाला की गेला, तेही कळलं नाही.

"गाव कुठलं त्याचं?" टेलरबाईंनी तेव्हा विचारलं होतं. लग्न नवंच होतं.

कप्तान नखं बघत बसले. मग म्हणाले, "बॉयलरसमोर त्यानं शंभरदा सांगितलं असेल गं. मी मान डोलवत राहिलो."

त्या दिवसानंतर हा विषय घरात निघाला नाही. सिंह आला तो त्याच्या जागी. बाईंनी सिंहाला कधी हरकत घेतली नाही. नवरा खोटं बोलतोय याचा राग यायला हवा होता, पण तो त्या सिंहामागे का लपतोय हे कळत असल्यामुळे रागाऐवजी कीवच यायची.

भाला मात्र त्यांनी आपल्या परीनं सांभाळला. पात्याला मशीनचं तेल लावायच्या. मुठीवर, पातं आणि दांडा जिथं जुळतात तिथं, कसलंसं कातडं होतं. ते वाळून तडकलेलं, केस झडलेलं, आणि पावसाळी हवेत असा वास मारायचं की गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावायचं. कप्तान समुद्रावर असताना बाईंनी एक दिवस कात्री घेतली. उसवून काढावं म्हणून त्या शिवण शोधायला लागल्या, तर शिवण कुठेच सापडेना. शेवटी सरळ उभं कापलं, ते कातडं मापाला धरलं, आणि त्यावरून मरून रंगाच्या रेक्झिनची झकास नवी मूठ बेतली. हातशिलाई अशी की टाका दिसू नये. कडेला पांढरं पाईपिंग. कप्तान रजेवर आले, हात फिरवून म्हणाले, "वा!" वन्संनी गल्लीतल्या बायका बोलावून दाखवली. काम खरंच सुरेख झालं होतं.

वर्षं गेली. कप्तान निवृत्त झाले, भाल्यासमोरच्या खुर्चीवर बसायला लागले, आणि मग छातीचं दुखणं बळावून आतल्या खोलीत पलंगावर पडले. डॉक्टरांनी टेलरबाईंना दाराशी बोलावून "आता जरा सांभाळा" म्हटलं. हे कुठल्या आवाजात म्हटलं की काय समजायचं, ते समजायचं वय बाईंचं झालं होतं. पलंगावरून दारातून भिंतीचा तेवढाच भाग दिसायचा. कप्तान जेवताना बघायचे भाल्याकडे, औषध घेताना बघायचे भाल्याकडे. एका दुपारी बाई मशीनवर असताना आतून आवाज आला.

"तो पोचवायचा राहिला."

बाईंनी पाय थांबवला. त्यांनी दोरा तोडला आणि पुन्हा ओवला. त्यांना एकच कळत होतं. हा माणूस असाच गेला तर हे ओझं घेऊन जाईल, आणि आपण मशीनवर बसून बघत राहू.

वाट दाखवली ती वन्संनी, त्यांच्या वेगळ्याच कारणासाठी. संग्रहालयात एक गृहस्थ बसतात, लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू ओळखून देतात, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. "त्यांच्याकडून लेखी घेऊ, वहिनी. सिंहाचं. दादाच्या डोळ्यांदेखत चौकट करून लावू."

"चला," टेलरबाई म्हणाल्या. सिंहाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

भाल्याला त्यांनी जाड कापडाची पिशवी शिवली आणि दोघी बसमध्ये चढल्या. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे हे?" टेलरबाई म्हणाल्या, "पडद्याचा दांडा." वन्संनी तोंड उघडलं होतं, पण वहिनीनं त्यांच्या पायावर पाय ठेवला.

संग्रहालयातली ती खोली मागच्या बाजूला, गोदामाशेजारी होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, खिडकीशी दिवा. पारखी बारीक अंगाचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. वन्संनी बसायच्या आधीच सरदाराच्या मुलापासून सुरुवात केली.

"सिंहाचं मागाहून," पारखी म्हणाले. "आधी याला बोलू दे."

त्यांनी पातं दिव्याखाली धरलं, कडेनं बोट फिरवलं, भिंग लावलं, उलटं करून पुन्हा पाहिलं. घाई अशी नाहीच. टेलरबाईंना ते आवडलं. कापड बघणारी माणसं त्यांनाही अशीच आवडायची.

"जुना आहे. आफ्रिकेचाच आहे. पातं हातानं घडवलेलं, उत्तम."

"मी म्हटलं नव्हतं?" वन्सं म्हणाल्या.

"पण पात्यावरून घर कळत नाही. पातं एका ठिकाणी घडतं, दुसऱ्या बाजारात विकलं जातं, तिसऱ्याच्या हातात पडतं. दांडा मोडतो, बदलतात. घर कळतं ते इथं," असं म्हणत त्यांचं बोट पात्यावरून खाली उतरायला लागलं. "पातं दांड्यात बसवून वरून बांधतात ना, ती बांधणी. बाप जशी बांधतो तशीच मुलगा बांधतो. ती सहसा बदल–"

बोट मरून रेक्झिनवर येऊन थांबलं.

"हे काय आहे?"

"रेक्झिन," टेलरबाई म्हणाल्या.

"हे कुणी...?"

"आमच्या वहिनीनं!" वन्संची छाती फुगली. "टाका दिसतोय का बघा कुठे! आणि ते पाईपिंग!"

पारख्यांनी पाईपिंग पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाईपिंग तिथंच होतं. ते रागावले नाहीत. नुसते मागे टेकून बसले. टेलरबाईंना बोलून दाखवायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः कितीदा असं पाहिलं होतं. कुणीतरी हौसेनं महागाचा कोट घरी कापून आणायचं आणि त्यांच्यासमोर टाकायचं. आज कापून आणणारी आपणच.

"काढू का?" त्यांनी विचारलं.

"काढता येईल?"

हातपिशवीत ब्लेडचा अर्धा तुकडा कायम असायचा. टेलरबाईंनी मूठ मांडीवर घेतली आणि एकेक टाका तोडायला लागल्या. जगाचं शिवलेलं उसवलं होतं, पण स्वतःचं असं कधी उसवायची वेळ आली नव्हती. टाके इतके घट्ट घातले होते की त्यांनाच स्वतःचा राग आला. रेक्झिन सुटलं. आत बारीक तांब्याची तार वेणीसारखी गुंफलेली होती, काळपट पण धड.

पारखी ताठ बसले. "हे तुम्ही काढलं नाहीत?"

"अस्तर चांगलं असलं की मी त्याला हात लावत नाही."

"देवासारख्या आहात," ते म्हणाले आणि भिंग घेऊन वाकले. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं की अशी तार गुंफलेले भाले त्यांनी दोनच मुलखांतले पाहिले आहेत. एक खंडाच्या आतला, डोंगराळ. दुसरा खाली, एका नदीच्या खोऱ्यातला. दोन्हीकडे वरून कातडं घालतात. डोंगरातले लोक ते गुंडाळून शिवतात. नदीकडचे लोक वासराच्या शेपटीचं कातडं आख्खं, ओलं असतानाच मोज्यासारखं वर चढवतात. वाळलं की आवळून बसतं. "म्हणजे वरचं कातडं असतं तर लगेच–"

"शिवण नव्हती," टेलरबाई म्हणाल्या.

"इतक्या वर्षांपूर्वीचं नक्की आठवतंय?"

"साहेब, सगळीकडून बंद आणि शिवण कुठेच नाही, असं मी जन्मात एकदाच पाहिलंय. दुपारभर शोधत बसले होते. विसरेन कशी?"

पारख्यांचा विश्वास बसलेला दिसला, पण आठवणीवर नक्की सांगता येत नाही, वस्तू हवी, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशासाठी हवंय हे? विकायचा आहे का?"

"पोचवायचाय," टेलरबाई म्हणाल्या. आणि मग लांब्याचं, झोळीचं, न ऐकलेल्या गावाचं सगळं सांगून टाकलं. वन्संसमोर सांगावं लागलं, त्याला इलाज नव्हता.

वन्सं वहिनीकडे वळल्या. "म्हणजे सिंह नव्हताच?"

"नव्हता."

"लहानसासुद्धा?"

"नाही हो वन्सं."

परतीच्या बसमध्ये वन्सं खिडकीबाहेर बघत बसल्या. टेलिफोन खात्यात लागल्यापासून इतका वेळ गप्प बसायची त्यांची ही पहिलीच खेप असावी. उतरताना एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी काय कुणाला बोलले असते?" याचं खरं उत्तर दोघींनाही माहीत होतं.

घरी आल्याआल्या पेट्या निघाल्या. मापाला धरलेलं कातडं म्हणजे ते टाकलेलं असणं शक्यच नाही. पलंगाखालच्या पेट्या झाल्या, माळ्यावरच्या झाल्या. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कुठल्याकुठल्या कॉलरी, गेलेल्या माणसांच्या कोटांचे तुकडे, वन्संच्या लग्नातल्या साडीची किनार सगळं सापडलं, कातडं तेवढं नाही. टेलरबाई मटकन खाली बसल्या. आतून कप्तान बघत होते.

"काय शोधतेस?"

"कातडं!" त्या ओरडल्या. कप्तानांशी बोलायचं तर गल्लीशी बोलल्यासारखंच बोलावं लागे. "भाल्याचं जुनं कातडं!"

"कसलं?"

"काळं! वाकडं! वास मारणारं! तुम्ही पाहिलंत का?"

कप्तानांनी या वेळी मान डोलवली नाही. ते विचार करत राहिले. मग त्यांनी बोट उचललं आणि मशीनच्या पायाकडे दाखवलं.

जमीन बसली होती आणि मशीन ठकठक करत होतं, त्याला बरीच वर्षं झाली. निवृत्त इंजिनवाल्याला घरात करायला काम नव्हतं. लोखंडाच्या पायाखाली लाकूड टिकत नाही, कातडं टिकतं, हे त्यांना जहाजावरच ठाऊक झालं होतं. बायकोच्या चिंध्यांत एक बिनकामाचा घाणेरडा तुकडा दिसला, तो त्यांनी दुमडून पायाखाली सारला. ठकठक थांबली. बायकोनं "वा!" म्हटलं होतं.

"ते भाल्याचं होतं?" कप्तान म्हणाले.

दोघी बायकांनी मशीन उचललं. कातडं चपटं झालं होतं, मशीनचं तेल पिऊन पिऊन काळंकुट्ट आणि मऊ पडलं होतं, मधोमध पायाचा गोल ठसा. इतकी वर्षं टेलरबाई त्याच्यावर पाय मारत बसल्या होत्या. त्यांनी ते उलगडलं. एका कडेला त्यांच्याच कात्रीचा सरळ काप होता. बाकी सगळीकडे अखंड होतं.

दुसऱ्या खेपेला पारख्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी कातडं साफ केलं, भिंगाखाली केसांची मुळं पाहिली, कापाच्या दोन्ही कडा जुळवून तारेवर धरलं. ठसा सोडला तर चपखल बसलं. तेलानंच वाचलं, म्हणाले, नाहीतर इतक्या वर्षांत कसर लागून भुगा झाला असता. मग त्यांनी नकाशा पसरला आणि नदीवर बोट ठेवलं. हेच खोरं, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

वन्संनी टाळ्याच वाजवल्या. "सापडलं की हो लांब्याचं घर!"

टेलरबाई नकाशाकडे बघत होत्या. नकाशातलं त्यांना फार कळत नव्हतं. पण निळं काय आणि पिवळं काय, एवढं कळत होतं.

"साहेब, इथं सूर्य समुद्रात बुडतो का हो?"

"इथं?" पारख्यांनी मान हलवली. "हा पूर्वेचा किनारा. इथं समुद्रातून उगवतो. बुडताना बघायचा तर पार खंडाच्या त्या टोकाला जायला हवं."

टेलरबाईंनी नकळत हातानं दाराची चौकट काढली आणि हात खाली घेतला.

बसमध्ये वन्सं त्यांच्या कानाशी लागल्या. "सांगून टाका, लांब्याचं गाव सापडलं म्हणून. काय बिघडतं? त्याला तेवढंच बरं वाटेल. मी इतकी वर्षं सिंह सांगितला, कुणाचं काही वाकडं झालं?" बोलणं सोपं होतं आणि टेलरबाईंना मोहही झाला. एक वाक्य बोललं की संपलं. नवरा सुखानं डोळे मिटेल. पण बिघडलेल्यावर वरून नवं कापड लावून दिलं की पुढे काय होतं हे त्या नुकत्याच पाहून आल्या होत्या.

घरी येऊन त्या पलंगावर बसल्या आणि कप्तानांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं. भाला कुठला ते कळलं. पण तिथं सूर्य समुद्रातून उगवतो. बुडत नाही. भाला लांब्याच्या गावचा नाही.

कप्तान त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंना वाटलं, ऐकू आलं नाही. त्या पुन्हा सांगायला वाकल्या, तर कप्तानांनी हात वर केला.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "त्यालाही कुणीतरी दिला होता. पोचव म्हणून."

"तसंच असणार."

"मग त्याला तरी गाव कुठे माहीत होतं!"

"नसणारच."

"म्हणजे त्यानं मला सांगितलंच नव्हतं." कप्तान उठून बसायला लागले, बाईंनी पाठीला हात दिला. "मी विसरलो नाही गं. त्यानं सांगितलंच नव्हतं!" आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, खोकल्यानंतर पुन्हा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. टेलरबाईंनी हातात होता तो अस्तराचा तुकडा पुढे केला. त्यांना स्वतःलाही एक लागला. वन्सं दारात उभ्या होत्या, त्यांनी पाणी आणलं.

पुढचं काम पारख्यांनी अंगावर घेतलं. त्या नदीकाठी एक लहानसं संग्रहालय होतं, आसपासच्या गावांनीच चालवलेलं. त्यांना विचारलं, त्यांचं होकाराचं उत्तर आलं, सरकारी परवानग्या झाल्या. टेलरबाईंनी कातडं पुन्हा तारेवर चढवलं आणि काप मात्र शिवला नाही. शिवण नव्हतीच, तर आपण घालायची नाही. नुसत्या सुती पट्टीनं बांधून ठेवलं. मरून रेक्झिन उरलं होतं, ते घडी करून मशीनच्या पायाखाली गेलं. ठकठक पूर्ण थांबली नाही, पण भागायला लागलं. गल्लीत वन्संनी नवी गोष्ट सुरू केली होती. तिच्यात सिंह नव्हता, पण लांब्या छपराला टेकायला लागला होता.

भाला न्यायला माणूस यायचा त्या सकाळी खोक्यावर पत्ता चिकटवून झाला, आणि आतून हाक आली.

"पत्ता घातलास?"

"घातला!"

"वाच."

टेलरबाई खोक्यापाशी उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. नाव परकं, जीभ अडखळत होती. संग्रहालय, रस्ता, गाव, नदी, देश. कप्तानांनी कानामागे हात धरला. "पुन्हा." त्यांनी आवाज चढवला. रस्त्यावर कुणीतरी थांबलं. समोरच्या खिडकीत डोकं आलं. "पुन्हा," कप्तान म्हणाले, "गाव सावकाश घे." टेलरबाई खोकं सोडून आत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि एकेक शब्द कानात ओरडून सांगितला. कप्तानांनी मान डोलवली नाही. त्यांनी ओठ हलवले, एकदा चुकले, पुन्हा सुरुवात केली, आणि मग गाव, नदी, देश सगळं क्रमानं, मोठ्यानं, बाईंना म्हणून दाखवलं.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या.